दहा दिवसांचं पाणी

माळवाडी, ता. शेवगाव
१४ मार्च १९७२

चि. राधाकृष्ण,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. पोस्टमन रंगनाथने हातात देण्याआधी तिकीट उलटसुलट करून पाहिलं. "बाई, कुठल्या मुलखाचं हाय हे? वर अस्वल हाय पांढरं." मी म्हटलं, माझ्या दिराचं आहे. "तुमाला दीर हाय?" तो म्हणाला. इथे येऊन त्याला सहाच वर्षं झाली, त्याचा दोष नाही.

चौदा वर्षांनी पत्र आणि त्यात पावसाच्या वह्यांची मागणी. 'कशी आहेस' हे अगदी शेवटी, सहीच्या वर, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं. असू दे. मी बरी आहे.

वह्या आहेत. एकही हरवलेली नाही. १९३१ च्या मृगापासून १९५८ च्या जुलैपर्यंत ह्यांच्या अक्षरात आणि पुढे माझ्या. पर्जन्यमापक परसात त्याच चौथऱ्यावर आहे. तांब्याचं नरसाळं हिरवट पडलंय, आतली बाटली दोनदा बदलली. सकाळी साडेआठला मी बाटली काढते, मोजपात्रात ओतते, डोळा पाण्याच्या रेषेवर आणून वाचते आणि लिहिते. पाऊस नसला तरी जाऊन बघायचं आणि शून्य लिहायचं, हे तुझ्या दादांनी मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं. तू सात वर्षांचा होतास, चौथऱ्यावर बसून पाय हलवत होतास. "काहीच नाही पडलं तर कशाला लिहायचं?" असं तूच विचारलंस. माझ्याही मनात तेच होतं, पण नवी नवरी म्हणून मी गप्प होते. हे म्हणाले, "न लिहिलेला दिवस आणि न पडलेला पाऊस ह्यात फरक आहे."

पुण्याला कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला निसर्गाची वही ठेवायला लावायच्या. शाईने. खोडायचं नाही; चुकलं तर एक रेघ मारून शेजारी खरं लिहायचं, चुकलेलं खालून दिसलं पाहिजे. या घरात आले तर इथेही तोच नियम. परक्या गावात माहेरची माणसं भेटावीत तसं झालं मला.

मूळ वह्या पाठवणार नाही. रोज दुपारी एक वर्ष उतरवीन. एकेचाळीस पावसाळे आहेत, म्हणजे वैशाखापर्यंत होईल.

त्या जुन्या पत्राविषयी तू लिहिलं नाहीस, मीही लिहीत नाही.

तुझी,
वहिनी


माळवाडी
९ जून १९७२

चि. राधाकृष्ण,

प्रती पोचल्या हे वाचून जीव भांड्यात पडला. आणि तू सात पानी पत्र लिहिलंस, मराठीत, हाताने! अक्षर अजून तसंच, 'ळ' पोटावर पडलेला.

पत्र छबूबाईला वाचून दाखवलं. छबूबाई आठवते ना? तुला कडेवर घेऊन विहिरीवर न्यायची. तिच्या मागेपुढे कोणी नाही. मास्तरांच्या, म्हणजे ह्यांच्या, वेळेपासून ह्या घरात आहे आणि आता मीच तिच्या घरात असल्यासारखी मला रागावते. तिला मी सांगितलं, की राधूबाबा दुनियेच्या टोकाला असतो. तिथे पडलेला बर्फ वितळत नाही, वर्षावर वर्ष बसतो. ही माणसं लांब नळी खाली घालून तो काढतात, उसाच्या कांडीसारखा. एका वर्षाचं एक पेर. त्यात त्या वर्षीची धूळ असते, त्या वर्षीच्या हवेचे बुडबुडे असतात आणि बर्फाचं पाणी हलकं की जड ते तपासलं की त्या वर्षी थंडी किती होती तेही कळतं.

"म्हंजी मास्तरांची वहीच की," ती म्हणाली. "फकस्त लई थंड."

मग तुझं ते धुराचं सांगितलं. दक्षिण टोकाला, जिथे शंभर कोसांत गिरणी नाही की चूल नाही, तिथल्या हवेतही कोळशाच्या धुरातला वायू दरवर्षी थोडा थोडा वाढतोय. ती भाकरी थापता थापता थांबली.

"माज्या चुलीचा धूर तितवर जातुया?"

"थोडाफार जात असेल."

"मग सासूनं उगाच बोल लावला मला. म्हनायची, सारा धूर घरातच कोंडतीस."

खूप दिवसांनी हसलो दोघी.

मला मात्र एक गोष्ट मनात राहिली. पांढरा बर्फ ऊन परत फेकतो. तो वितळला की खालचा काळा समुद्र ऊन पिऊन घेतो आणि शेजारचा बर्फ आणखी वितळवतो. उलट बर्फ वाढला की आणखी ऊन परत जातं आणि आणखी गारठतं. म्हणजे तिथे थोडंसं बिघडलं तर ते थोडंसं राहत नाही. घराघरांतही असंच होतं, पण ते जाऊ दे.

तुमच्यात दोन तट आहेत म्हणतोस. काही म्हणतात धुराने जग तापत जाणार. काही म्हणतात, गेली वीस-पंचवीस वर्षं उत्तर गारठत चालली आहे, बर्फ पसरतोय. त्याने वाऱ्यांचे पट्टे खाली ढकलले जातात आणि आपला पाऊस वाटेतच राहतो. तुला अजून ठरवता येत नाही. "दोन्ही बाजूंनी सुरुवात ध्रुवावरच होते, वहिनी, आणि किंमत कुठेतरी माळवाडीत मोजली जाते," हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं.

मृग लागून दोन दिवस झाले. वहीत शून्य आहे.

वहिनी


माळवाडी
२१ ऑगस्ट १९७२

चि. राधाकृष्ण,

जूनमध्ये दोन सरी आल्या, जुलैत एक. बाजरी वीतभर होऊन करपली. विहिरीचा तळ दिसतो. दगडात एक डोळा आहे, त्यात पहाटे पाणी साठतं ते आधी येईल त्याचं. शेजारची मुबारकबी आणि मी आळीपाळीने जातो.

तू १९५८ च्या जुलैवर तीन पानं लिहिली आहेस. त्या वर्षी साऱ्या जगाने मिळून मोजमाप केलं, दोन्ही ध्रुवांवर माणसं बसवली, म्हणून त्या वर्षाचा प्रत्येक आकडा तुम्हाला मोलाचा, हे समजलं. आणि माळवाडीला १२ जुलै ते २१ जुलै रोज जवळजवळ अर्धा इंच, सलग दहा दिवस, जेव्हा नगर कोरडं आणि पैठणही कोरडं. तू लिहितोस, अशी संथ, अरुंद पावसाची पट्टी या भागात कोणी नोंदवलेली नाही. उत्तर गारठली तरी आपल्या पट्ट्याला पाऊस अगदी सोडून जात नाही, वेगळ्या वाटेने येतो, असं त्यातून निघू शकेल. "घाबरू नका. १९५८ साक्षीला आहे."

आणि तुझ्या निबंधात दादांचं नाव छापणार! 'आबासाहेब, मुख्याध्यापक, माळवाडी, सत्तावीस वर्षांची निरीक्षणं.' मी ते वाचून देवघरात जाऊन बसले. सत्तावीस वर्षं हा माणूस सकाळी साडेआठला परसात वाकला. एकदा ताप एकशेतीन होता तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. गावाने हसून घेतलं, 'मास्तर शून्य मोजतो' म्हणून. ते नाव आता जगाच्या वहीत.

त्या जुलैचं मला फारसं आठवत नाही. तुला ठाऊक आहे, हे ११ तारखेला गेले.

गावात तुझ्या पत्राची बातमी फुटली, छबूबाईला कुठलं राहवतंय. कानिफनाथ बैलजोडी घेऊन काष्टीच्या बाजाराला निघाला होता, विकायला. तो दारात येऊन उभा राहिला. "बर्फवाले भाऊजी काय म्हनत्यात, वैनी? येईल का पानी?" मी तुझं वाक्य वाचून दाखवलं. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि बैल परत फिरवले.

मी त्याला थांबवलं नाही.

वहिनी


माळवाडी
८ नोव्हेंबर १९७२

चि. राधाकृष्ण,

काल भाऊबीज झाली. मला सख्खा भाऊ नाही हे तुला ठाऊक आहे. तू घरात होतास तोवर मी तुलाच ओवाळायची आणि सासूबाई म्हणायच्या, दिराला कोणी ओवाळतं का. काल दिवा लावून तुझ्या पत्रांपुढे ठेवला. म्हणून आज लिहिण्याचं धाडस करते.

छबूबाई खडी फोडायला जाते. दुष्काळी काम निघालंय शेवगावच्या रस्त्यावर. मी सांगितलं, घरात दोघींना पुरेल एवढं आहे. तर म्हणाली, "समदं गाव उन्हात बसलंय अन् मी काय सावलीत बसू?" सायंकाळी येते तेव्हा पापण्यांवर पांढरी धूळ असते. कामावर मिळणाऱ्या सुकडीतली अर्धी पदरात बांधून माझ्यासाठी आणते. रेशनवर येणाऱ्या परदेशी लाल ज्वारीच्या, मिलोच्या, भाकरीला नावं ठेवते. परवा कामावरून येऊन हातपाय धुता धुता तिने मला विचारलं, "बाई, राधूबाबानं लिवलंय त्ये त्या सालचं पानी, त्ये माजंच न्हवं का?"

तिला वाटलं मला माहीत नाही. चौदा वर्षं तिला तसंच वाटत आलं.

राधू, त्या दहा दिवसांत पाऊस पडला नाही. ढगही नव्हते.

आपल्यात गेलेल्या माणसासाठी दहा दिवस पाणी ठेवतात, दिव्याशेजारी, जिथे त्याने प्राण सोडला तिथे. तसं ते मी ठेवलं होतं. पण छबूबाईचं म्हणणं वेगळं असावं. मास्तर सकाळी साडेआठला जिथे येतात, तहान त्यांना तिथेच लागणार. बारा तारखेला सकाळी मी खिडकीशी बसले होते. ती परसात गेली, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि फुलपात्रातलं पाणी नरसाळ्यात ओतलं. हळूहळू, सांडू न देता. मग मागे न बघता गेली.

मी उठले. बायकांनी अडवलं, पहिलाच दिवस, बाहेर जाऊ नकोस. मी गेले. बाटली काढली, मोजपात्रात ओतली, डोळा रेषेवर आणला. अठ्ठेचाळीस सेंट, अर्ध्या इंचाला दोन कमी. वहीत लिहिलं. ह्यांच्या अक्षराखाली माझा पहिला आकडा.

काय करायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. पाणी फेकायचं आणि शून्य लिहायचं. पण ते त्यांचं पाणी होतं, राधू. मला शून्य लिहवेना. दहा दिवस ती ओतत होती आणि मी मोजत होते. आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. अकराव्या दिवशी ती आली नाही आणि मी शून्य लिहिलं.

उतरवून पाठवताना त्या पानाशी माझा हात थांबला होता. टीप लिहायची राहून गेली असं म्हणेन तर ते खोटं. तू चौदा वर्षांनी लिहिलं होतंस. वही सदोष आहे म्हटलं तर पुन्हा लिहिशील का, या भीतीने मी गप्प बसले. मग तू दादांचं नाव छापायचं म्हणालास आणि मी आणखी गप्प बसले.

आणि ते जुनं पत्र. 'भाऊ मेला आणि तू बर्फात बसून राहिलास, मनही गोठलं का तुझं?' तेव्हा तू दक्षिण टोकाला होतास, तिथे चार महिन्यांची रात्र होती, बिनतारी निरोप मिळाला तरी जहाज नोव्हेंबरआधी येणं शक्य नव्हतं, हे मला पुढे तुझ्या मित्राने सांगितलं. मी तुला लिहायला हवं होतं, माफ कर म्हणून. वर्ष गेलं, दुसरं गेलं, मग लाज वाटायला लागली. तू लिहिलं होतंस ना, थोडंसं बिघडलेलं थोडंसं राहत नाही.

कानिफनाथचा एक बैल दसऱ्याच्या आधी गेला. दुसरा छावणीत आहे. एकट्या बैलाला गिऱ्हाईक नाही. तो दारावरून जाताना "बऱ्या हाय का वैनी" असंच विचारतो.

तुझ्या निबंधातला तो आशेचा भाग छबूबाईच्या फुलपात्रावर उभा आहे. तो काढून टाक. बाकीची सत्तावीस वर्षं खरी आहेत, त्यांना ढळू देऊ नकोस, एवढी भीक घाल.

मालन


माळवाडी
२ फेब्रुवारी १९७३

चि. राधाकृष्ण,

पत्र नाही. रंगनाथ आता दारात न थांबता मान हलवून पुढे जातो.

थंडी फार पडली नाही यंदा. बाकी विशेष नाही.

वहिनी


माळवाडी
२० मे १९७३

चि. राधाकृष्ण,

तुझं पत्र १९ तारखेला मिळालं. प्रयोगशाळेच्या कागदावर, इंग्रजीत, टंकलिखित. 'डिअर मॅडम' नाही लिहिलंस, 'डिअर मालन वहिनी' लिहिलंस, त्याबद्दल ऋणी आहे. सिस्टरांनी शिकवलेलं इंग्रजी असं कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

सगळं समजलं. दहा दिवस जाणूनबुजून चुकीचे लिहिले गेले, तर त्याच निरीक्षकाच्या बाकीच्या वर्षांवर कोणी भरवसा का ठेवावा? आधीची सत्तावीस वर्षं दुसऱ्या हातची आहेत हे तू निबंध तपासणाऱ्यांना सांगितलंस, पण प्रती माझ्या हातच्या, तेव्हा तेही चालेना. म्हणून माळवाडी पूर्ण वगळली. त्या पट्टीचा उल्लेख निघाला, दादांचं नाव निघालं. उरलेल्या ठिकाणांच्या आकड्यांवरून जे निघतं ते असं, की टोकं बदलतील तसा आपला पाऊस बदलेल आणि त्यातून आपल्या भागाला सूट मिळेल असं मानायला काही आधार नाही. बर्फ वाढो की वितळो.

बरोबर केलंस. ह्यांनीही हेच केलं असतं. सत्तावीस वर्षं त्यांनी एक आकडा चुकवला नाही आणि ती मी दहा सकाळींत घालवली. हे लिहिताना रडू आलं नाही, ते आधीच होऊन गेलं.

टंकलेल्या कागदाच्या खाली, शाईने, मराठीत तू एक ओळ लिहिली आहेस. 'छबूबाई कशी आहे?'

छबूबाई ८ मे रोजी गेली. कामावर, दुपारी. दगडांच्या ढिगाला टेकून बसली होती, बायकांना वाटलं डोळा लागला. हातोडी मांडीवरच होती. तिला पाणी द्यायला कोणी नव्हतं म्हणून मी दिलं, मी विधवा बाई, माझं कोण ऐकतं, पण कानिफनाथने खांदा दिला आणि म्हणाला, "वैनी सांगतील तसं."

ती निजायची त्या कोपऱ्यात दिवा लावला. मग ९ तारखेला सकाळी साडेआठला मी फुलपात्र घेऊन परसात गेले. तेच, कडेला चेपलेलं. टँकर चौथ्या दिवशी येतो, घरात दीड कळशी पाणी होतं. नरसाळ्याशी उभी राहिले. हात वर गेला होता, राधू, तुझ्याशी खोटं बोलणार नाही.

मग फुलपात्र चौथऱ्यावर ठेवलं, मापकाच्या शेजारी. बाटली काढली. कोरडी होती. शून्य लिहिलं.

रोज तसंच केलं. उन्हाने संध्याकाळपर्यंत फुलपात्र रिकामं व्हायचं. चौथ्या दिवशी टँकरवाला चांदभाई आला, बघून ओरडला, "मालनबाई, लोक घोटभर पान्यासाठी भांडत्यात अन् तुमी उन्हात वाळत घालता व्हय?" मी म्हटलं, छबूबाईचं आहे. नळी बंद करण्याआधी त्याने ते फुलपात्र काठोकाठ भरलं आणि दोन्ही हातांनी परत चौथऱ्यावर ठेवलं.

दुपारी ढग येत होते. सातव्या दिवशी तर वीजही चमकली, पैठणच्या अंगाला. इकडे काही नाही.

दहावा दिवस झाल्यावर १९५८ ची वही काढली. त्या दहा आकड्यांवर एकेक रेघ मारली आणि शेजारी खरं लिहिलं. रेघेखालून आकडे दिसतात.

या महिन्याचं पान सोबत उतरवून पाठवते. तुझ्या निबंधाला त्याचा उपयोग नाही, ठाऊक आहे. तू विचारलंस छबूबाई कशी आहे, म्हणून. ९ मे ते १८ मे बघ. दहा शून्यं आहेत. रोज साडेआठला जाऊन, बघून लिहिलेली.

वहिनी